जहिदाबीकडची सहा अक्षरं

जहिदाबीच्या जिभेला हाड नव्हतं, तरी बायका तिच्याचकडे यायच्या. चौक मंडईमागच्या गल्लीतला अरुंद जिना चढून, कुणी पदराने तर कुणी ओढणीने घाम पुसत तिच्यासमोर बसायच्या, आणि ती पहिलंच वाक्य असं बोलायची की समोरचीला आल्या पावली परत जावंसं वाटावं.

"दात पुढे आहेत तुझे. तसंच लिहिते. लपवलंस तर पहिल्या भेटीत दिसणारच, आणि तो अर्धा चहा टाकून उठणार. वय किती? खरं सांग. मी काही रेशनकार्ड काढून देत नाही."

बाई रडवेली झाली की जहिदाबी तिला पोटभर रडू द्यायची, पाण्याचा पेला पुढे सरकवायची आणि पेन उघडून पुन्हा विचारायची, "हं, वय?"

काम होतं दुसऱ्या लग्नांचं. तलाक झालेल्या, नवरा वारलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या बायकांना पुन्हा घर मिळवून द्यायचं. हिंदू, मुसलमान, बौद्ध, कुणीही यावं. पैसा घ्यायचा नाही. नऊ वर्षांपूर्वी याच कामासाठी 'सोबत' नावाची वेबसाइट निघाली. ती बनवून दिली नाशिकरोडच्या बुद्धभूषणने, त्याच्या विधवा बहिणीचं लग्न जहिदाबीने जमवलं म्हणून. बाहेरच्या पानावर फक्त नंबर असायचे: क्रमांक अमुक, वय चौतीस, शिवण येतं, मूल एक. खरं नाव, फोटो, पत्ता, फोन आणि पहिलं घर का मोडलं त्याची सगळी हकिगत आत, कुलपात. त्या आतल्या भागाला घरात 'पेटी' म्हणायचे. पासवर्डशिवाय पेटी उघडत नसे. बायका जहिदाबीचं तोंड सोसायच्या ते या पेटीच्या भरवशावर, कारण पेटीतली गोष्ट बाहेर फुटली असं नऊ वर्षांत एकदाही झालं नव्हतं. माहिती संगणकावर चढवून झाली की लिहून घेतलेला कागदसुद्धा ती गॅसवर धरून जाळायची.

लोक मात्र म्हणायचे, हनीफभाईंची वेबसाइट. हनीफ तिचा नवरा. त्याचा वाटा एवढाच की सकाळी पेटीचं कुलूप उघडायचं आणि संध्याकाळी लावायचं. मधलं सगळं जहिदाबी करायची. स्थळं तीच बघायची, नाकारायचीही तीच. एखादा माणूस तिच्या मनात भरला नाही तर ती बाईला कळवायचीसुद्धा नाही, परस्पर नकार देऊन मोकळी व्हायची. हनीफ म्हणायचा, "अगं, तिला विचार तरी." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "तिला काय कळतं? कळत असतं तर पहिल्याच्या तावडीत सापडली असती का?" गंमत अशी की बहुतेक वेळा तिचंच खरं ठरायचं. दोनशेच्या वर संसार तिने उभे केले, आणि त्यातले मोडले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे ती अधिकच शेफारली होती, हेही सांगितलं पाहिजे.

हनीफ एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होता. तिजोरीला दोन किल्ल्या, एक कॅशियरकडे, एक मॅनेजरकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. निवृत्त झाल्यावर त्याला एक दिवस सुचलं, उद्या मी नसलो तर पेटी उघडणार कोण? आणि त्याने बँकेचा कायदा घरात आणला. बारा अक्षरांचा पासवर्ड केला. पहिली सहा अक्षरं एका चिठ्ठीवर लिहून, पाकिटात घालून, लाखेचं सील मारून बायकोच्या हवाली केली. पुढची सहा तशीच दुसऱ्या पाकिटात घालून धाकट्या भावाला दिली. भाऊ नईम, त्याच घरात खालच्या मजल्यावर राहणारा.

"झेबाला द्या ना," जहिदाबी तेव्हा म्हणाली होती. झेबा त्यांची एकुलती एक मुलगी, भिवंडीला दिलेली.

"झेबा लांब. नईम पायाशी. आणि दोन्ही किल्ल्या मायलेकींकडे म्हणजे एकाच हातात गेल्यासारख्या."

बँकेत दोन किल्लीवाल्यांचं पटलं नाही तर वर साहेब बसलेला असतो, एवढी साधी गोष्ट या शहाण्या माणसाच्या ध्यानात आली नाही. या घरात साहेब तो एकटाच होता, आणि हा सगळा बंदोबस्त तो मेल्यानंतरचा होता.

जिवंतपणी तर त्याने कायदा आणखी कडक पाळला. रोज सकाळी संगणकापुढे बसला की म्हणायचा, "तोंड तिकडे कर." आणि तेहेतीस वर्षं संसार केलेली बायको मुकाट भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. तिला हसू यायचं. आपल्याला उरलेली सहा अक्षरं कधी लागतील असं तिला वाटलंच नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी हनीफ दुपारी जेवून उठला, हात धुवायला मोरीत गेला आणि तिथेच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. त्या धावपळीत त्याचा फोन कुणीतरी लांबवला. 'सोबत'साठी लोक ज्या एकमेव नंबरावर फोन करायचे, तो हाच.

तिसऱ्या दिवशी नईम वर आला. जहिदाबी इद्दतीत बसली होती. नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस घरात राहायचं, परक्या पुरुषांसमोर यायचं नाही. नईम दाराच्या पडद्याआड उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "भाभी, दादाने तुम्हाला दिलेलं पाकीट काढून ठेवा. माझं माझ्याजवळ आहे. दोन्ही जोडून उघडू या. लोकांची कामं अडलीत."

"माझा नवरा परवा गेला, नईम."

"माझाही भाऊ गेला. म्हणून जग थांबत नाही ना."

नईम वडाळ्याकडे लग्नाचा हॉल बांधत होता. लग्नाला टेकलेल्या नऊशे घरांचे पत्ते आणि फोन त्याच्या भावाच्या संगणकात बंद होते, आणि त्याची झोप उडाली होती. तो ते लपवतही नव्हता. "पेटीत कुणाचं काय आहे त्याच्याशी मला घेणं नाही, भाभी. मला पत्ते हवेत," असं तो उघड म्हणाला. जहिदाबीला यातलं एक अक्षर खरं वाटलं नाही.

कारण पेटीत क्रमांक ३४१ होता.

क्रमांक ३४१ म्हणजे आफरीन. नईमच्या मुलाची, झीशानची, पहिली बायको. झीशानने तिला तलाक देऊन चार वर्षांच्या पोरासकट घराबाहेर काढलं आणि मालेगावला दुसरं घर थाटलं. ती विंचूरला भावाकडे जाऊन राहिली. तर नईम तिथेही पोचला आणि भावाच्या दुकानासमोर उभा राहून चारचौघांत बजावून आला, "पोरगा सांभाळ. पण दुसरं लग्न करशील त्या दिवशी पोरगा आमचा." हा माणूस बोललेलं करणारा होता. त्याच्याजवळ पैसा होता, ओळखी होत्या, आणि आफरीनच्या भावाकडे शिलाई मशीन दुरुस्त करायचं एक खोपट होतं.

मागच्या वर्षी नईम बाहेरगावी असताना आफरीन एका दुपारी तोंड झाकून जिना चढून आली होती. जहिदाबीने तिला शब्द दिला, नईमला पत्ता लागणार नाही अशा लांबच्या गावी तुझा निकाह लावून देईन; मग तिचा फॉर्म भरला, हनीफ नमाजाला गेलेला असताना पेटीत टाकला आणि नवऱ्याला कळूच दिलं नाही. हनीफच्या पोटात भावापासून काही राहत नसे. तरी तिने सांगून टाकलं असतं, तर त्याने नईमकडचं पाकीट काढून घेतलं असतं, नवा पासवर्ड केला असता. हे तिला आता रोज आठवायचं आणि रोज ती स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायची.

त्यात आणखी एक कुऱ्हाड होती. हनीफ जायच्या दोन दिवस आधी ३४१ साठी इगतपुरीहून उत्तर आलं होतं. माणूस रेल्वेत फिटर, वय अडतीस, बायको आजारात गेलेली. होकार होता, मुलासकट. जहिदाबीने तो स्वतः वाचला होता आणि बुधवारी आफरीनला फोन करायचं ठरवलं होतं. आता आफरीनचा नंबर पेटीत, त्या माणसाचा पत्ता पेटीत, आणि जहिदाबी चार भिंतींत. विंचूरचं दुकान तिला माहीत होतं, पण पाठवणार कुणाला? निरोप म्हटला की दोन-चार तोंडांतून जाणार, आणि नईमला कळायला एक तोंड पुरे. आफरीनने इकडे यावं तर खाली नईम बसलेला. आणि इगतपुरीचा तो माणूस उत्तराची वाट बघत किती दिवस थांबणार होता?

तिने नाशिकरोडला बुद्धभूषणला फोन लावला.

"काकू, पेटीचं कुलूप मलाही तोडता येत नाही," तो म्हणाला. "काकांनीच तसं करून घेतलं माझ्याकडून. बाहेरचं पान मी चालू ठेवतो, पण पेटी बारा अक्षरांशिवाय उघडणार नाही. दोन्ही अर्धे जोडले तर दोन मिनिटांचं काम आहे. फक्त नीट टाका. तीनदा चुकलं तर आतलं सगळं पुसलं जातं, कायमचं."

"हे कुणी सांगितलं होतं करायला?"

"काकांनीच. चोराला तीनपेक्षा जास्त संधी कशाला, म्हणाले."

तिने नईमला निरोप पाठवला, तुझी सहा अक्षरं बुद्धभूषणला दे, माझी मी देते, तो उघडेल आणि चालवील. नईमने जिन्यातूनच उत्तर दिलं. "परक्याला? दादाने मला दिलंय ते. बसू तर दोघं एकदम बसू, मी इकडे, तुम्ही पडद्यात. नाहीतर राहू द्या बंद."

आणि मग तो आपल्या पद्धतीने कामाला लागला. वरच्या टाकीत पाणी चढवायच्या मोटरीचं बटण खाली, नईमच्या ओट्यावर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोटर बिघडली. म्हणजे तसं सांगितलं गेलं. खाली नईमकडे पाणी होतं, वर नव्हतं. चौपन्न वर्षांची बाई, गुडघे गेलेले, गल्लीच्या नळावर जाता येत नाही म्हणून शेजारणीच्या पाया पडून दोन कळश्या मिळवायची आणि त्यांत नमाजाआधीचा वजू, स्वयंपाक, आंघोळ सगळं भागवायची. मौलवीसाहेबांच्या बायकोने येऊन सांगितलं, "निकडीच्या कामाला दिवसाउजेडी बाहेर पडायला हरकत नाही, साहेबांनीच निरोप दिलाय." जहिदाबी बुरखा घालून जिना उतरली, तर नईम दारात आडवा. "भाभी, दादाची माती अजून ओली आहे. लोक आमच्या तोंडात शेण घालतील." ती परत वर चढली. पायरीपायरीला थांबत.

ज्या बायका फोन लागत नाही म्हणून चौकशीला यायच्या त्यांना नईम आधी खाली बसवायचा. चहा द्यायचा. मग दुःखी चेहरा करून म्हणायचा, "माझ्याकडचा अर्धा भाग मी आत्ता देतो, बहेन. भाभी अडवून बसल्यात. का, ते त्यांनाच विचारा."

विचारायला त्या वर यायच्या. हरसूलची लंकाबाई आली ती भरदुपारी. चौतीस वर्षांची विधवा, भाताच्या खाचरात राबून हात फाटलेले. दाराशीच बसकण मारून ती म्हणाली, "बाय, म्या सकाळच्याला घर सोडलं, दोन गाड्या बदलून आले. माझं जुळत आलं व्हतं. दिंडोरीकडला माणूस, तूच बोलली व्हतीस. त्याचा ठावठिकाणा तुझ्या त्या मशिनीत हाय. सहा अक्षरं द्यायला तुझं काय जातंय?"

"देता येत नाही, लंकाबाई."

"का नाय येत?"

एरवी जहिदाबीने या बाईला तीन वाक्यांत गार केलं असतं. आज ती पदराशी चाळा करत राहिली.

"नाव आठवतंय का त्याचं? तेवढं तरी सांग."

नऊशे नावांतलं ते एक नाव तिला खरंच आठवत नव्हतं. तिने मान हलवली.

"आलं ध्यानात," लंकाबाई उठत म्हणाली. "तुझा दादला मेला, आता दुसरीला बी मिळू नये. लय चांगलं केलंस, बाय. देव तुला असंच ठेवो, एकटीला, पाण्यावाचून." आणि ती उतरता उतरता जिन्यात थुंकली. ते पुसायलासुद्धा जहिदाबीला पाणी जपून वापरावं लागलं.

त्या दिवशी ती रडली. नवरा गेला तेव्हा रडली नव्हती इतकी. तिला लंकाबाईचा राग येईना, म्हणून स्वतःचाच आला. संध्याकाळी झेबाचा फोन आला. नईमने तिलाही लावून दिलं होतं.

"अम्मी, देऊन टाक ना चाचांना. आपल्याला काय करायचंय आता त्या वेबसाइटचं?"

क्षणभर जहिदाबीला वाटलं, पोटच्या पोरीला तरी सांगावं. पण झेबाचा चाचांवर भारी जीव, आणि बापासारखंच तिच्याही पोटात काही राहायचं नाही. "तुला काय कळतं," म्हणून तिने फोन ठेवला.

एक बाई आणि तिचा पोरगा एका बाजूला, आणि लंकाबाईसारख्या नऊशे दुसऱ्या बाजूला. हा हिशेब तिने कितीदा मांडला असेल आणि कितीदा मोडला असेल. पण त्या नऊशेंची लग्नं लांबणार होती, फार तर हुकणार होती. आफरीनचा पोरगा मात्र हिसकावला जाणार होता, आणि तो हिसकावणारा तिच्याच घराच्या खालच्या मजल्यावर दात कोरत बसला होता. शिवाय तिने आफरीनला शब्द दिला होता. शब्द मोडायचा तर मग ती जहिदाबी कसली, असं तिला वाटायचं. तिच्या स्वभावात हा ताठा होताच.

मेच्या मध्यावर नईम मोहल्ल्यातल्या दोन बुजुर्गांना घेऊन आला. सोबत लॅपटॉप. बुजुर्ग पडद्याबाहेरच्या खुर्च्यांवर बसले. त्यांतल्या मोठ्यांनी समजुतीच्या सुरात सुरुवात केली. "बेटी, मरहूम हनीफभाईंनी नेकीचं काम केलं. ते बंद पडणं बरं नाही. तू आम्हा दोघांसमोर अक्षरं सांग. नईमने काही गैर केलं तर जबाब आम्ही देऊ."

"जबाब देऊन काय होतं?" आतून आवाज आला. "गेलेलं परत येतं का?"

"भाभी, आज नाही म्हणालात तर पुढचं मी बघून घेईन," नईम म्हणाला. "घर अजून आमच्या अब्बांच्याच नावावर आहे. वरचा मजला तुम्हाला कुणी लिहून दिलेला नाही."

जहिदाबीने पाकिटाचं सील आठ दिवसांपूर्वीच फोडलं होतं. अक्षरं वाचली होती, तोंडपाठ केली होती आणि चिठ्ठी, इतर सगळ्या कागदांसारखी, गॅसवर धरली होती.

"घे लिहून," ती म्हणाली आणि एकेक अक्षर सावकाश सांगितलं. सहाच्या सहा खोटी.

नईमने ती टाकली, मागे आपली सहा जोडली, बटण दाबलं. पेटी उघडली नाही.

"चुकलं म्हणतंय."

"दुसरं अक्षर मोठं असेल. झेबाचे अब्बा मोठं-लहान एकासारखंच काढायचे."

त्याने पुन्हा टाकलं. पुन्हा तेच.

"मग शेवटचा तो गोल आहे ना, तो शून्य असेल. बँकेतला माणूस, सगळीकडे शून्यच दिसायचं त्यांना."

बुजुर्ग यावर जरा हसलेसुद्धा. नईमने तिसऱ्यांदा बटण दाबलं. लॅपटॉपचा पडदा एकदम पांढरा झाला, मग दोन ओळी उमटल्या. नईमने त्या वाचल्या आणि पुन्हा वाचल्या. त्याने तिथूनच बुद्धभूषणला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"तीनदा चुकलं?" पलीकडून बुद्धभूषण म्हणाला. "मग गेलं, नईमकाका. काही उरलं नाही. काकूंना माहीत होतं, मी सांगितलं होतं त्यांना."

खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. नईम ओरडला नाही. त्याने लॅपटॉप मिटला, बुजुर्गांकडे वळला आणि म्हणाला, "ऐकलंत? नऊशे घरं बुडवली हिने, तुमच्यासमोर, गोड बोलून." मोठे बुजुर्ग पडद्याकडे बघत राहिले. जाताना त्यांनी सलाम केला नाही.

जहिदाबी आत खाटेच्या दांडीला धरून उभी होती. नऊ वर्षांचं काम, एकेक बाई, एकेक हकिगत, रडून रडून सांगितलेली, तिच्याच तोंडून निघालेल्या खोट्या अक्षरांनी पुसली गेली होती. पण छातीत एक गोष्ट घट्ट बसली होती: आफरीन वाचली. जगात कुणालाही हे कळणार नव्हतं, आणि कळायची तिला गरजही वाटत नव्हती. उलट थोडा अभिमानच वाटला, आणि तो तिने मनाला वाटू दिला.

जूनमध्ये इद्दत संपली. ती बाहेर पडली तेव्हा गल्लीने तिला बघून न बघितल्यासारखं केलं. मैना नावाची एक भाजीवाली, जिचं दुसरं लग्न जहिदाबीने स्वतः उभं राहून लावलं होतं, तिने पाटी उचलून गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला नेली. कुणी म्हणालं, म्हातारी दिराच्या डोळ्यांत धूळ फेकायला गेली आणि बायाबापड्यांच्या अन्नात माती कालवून बसली. जहिदाबीने ऐकून घेतलं. इगतपुरीच्या फिटरचं नाव तिच्या लक्षात होतं. पेटी पुसल्यावर त्या नावावरून आफरीनपर्यंत पोचायला नईमकडे काही उरलं नव्हतं, म्हणून तिने ओळखीच्या एकाला फोन करून चौकशी केली. त्याचं मेमध्येच लग्न झालं होतं. तीन महिने वाट बघितली म्हणे त्याने, मग मामाने दुसरीकडे जुळवलं.

ठीक. नवरे काय, शोधले तर मिळतात. पोरगा मिळत नाही. असं स्वतःला सांगत ती विंचूरच्या एसटीत बसली. चौफुलीला उतरली तेव्हा रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर एकामागे एक उभे होते आणि त्यांच्या मधून वाट काढत, गुडघा धरत, विचारत विचारत ती शिलाई मशीनच्या दुकानात पोचली. भाऊ बाहेर गेला होता. आफरीन एकटीच एका उघड्या मशीनला तेल देत बसली होती. वर्षभरात ती निम्मी झाली होती.

"बडी अम्मी?" ती उठून उभी राहिली.

जहिदाबीने पाणीसुद्धा मागितलं नाही. चार महिने दाबून ठेवलेलं एका दमात सांगून टाकलं. पेटी कशी पुसली, नईमच्या हाती तिचं नाव कसं लागू दिलं नाही, पाणी तोडलं, लोक थुंकले, पण तोंडातून शब्द काढला नाही. "आणि तुझं जमलं होतं, पोरी. इगतपुरीचा, रेल्वेतला. मुलासकट हो म्हणाला होता. लिहिलं होतं त्याने, शाळेत मी सोडत जाईन म्हणून. तुला कळवायच्या आत झेबाचे अब्बा गेले. आता त्याने दुसरीकडे केलं, ते जाऊ दे. पोरगा तुझ्याकडे राहिला, हे मोठं. मी तुला दुसरा शोधते."

आफरीनच्या हातातली तेलाची कुपी तशीच राहिली.

"मुलासकट म्हणाला?"

"मुलासकट. मी माझ्या डोळ्यांनी वाचलं."

आफरीनने कुपी खाली ठेवली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पोरगा मालेगावला आहे, बडी अम्मी. जानेवारीपासून."

"ओढून नेला त्यांनी?"

"नाही. मीच दिला. झीशानच्या अब्बांच्या हातात दिला, इथेच, या दुकानात. मला लग्न करायचंय, 'सोबत'मध्ये नाव दिलंय, हेही सांगितलं त्यांना. ते म्हणाले, बरं झालं. पानावरचं 'मूल एक' खोडून घ्यायला मी तुमच्याकडे येत होते. गल्लीच्या तोंडाशी आले तर हनीफचाचांचा जनाजा निघत होता. मग परत फिरले. नंतर फोनही लागेना."

जहिदाबी मशीनच्या स्टुलावर बसली. म्हणजे नईमला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तो पडद्याआडून पत्ते हवेत म्हणत होता तेव्हा त्याला खरंच पत्तेच हवे होते. नऊशे बायका तिने कशाला मारल्या?

"पण का दिलास?" ती जवळजवळ ओरडली. "अगं, पोटचा पोर देतात का कुणी हातानं? वेडी आहेस का?"

"फोन केला तरी येत नाही आता तो बोलायला," आफरीन स्वतःशीच म्हणाली. मग तिने मान वर करून जहिदाबीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता प्रश्न होता, ही असं का विचारतेय म्हणून.

"तुम्हीच म्हणालात ना, बडी अम्मी. फॉर्म भरताना. गळ्यात हा पोरगा नसता तर तुला महिन्यात उजवली असती, म्हणून."

जहिदाबीने आठवून पाहिलं. तिला आठवेना. असं ती सगळ्यांनाच म्हणायची.